मंडळीत घेणे

आमच्या लहानपणी रविवार शुक्रवारी येत असे. नगरच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते पोट धरून हसत, पण शारजात त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. सुटी शुक्रवारची, म्हणून उपासना शुक्रवारी, आणि संडे स्कूलसुद्धा शुक्रवारीच. चर्चच्या कंपाउंडमध्ये एक हॉल होता आणि त्यात पाळीपाळीने सगळ्या भाषा येऊन जात. सकाळी उर्दूवाले, मग आम्ही मराठी, आमच्यामागे मल्याळी, दुपारी फिलिपिनो. आमच्या वाट्याचा दीड तास साळवे भाऊंच्या मनगटावर असे. साळवे भाऊ मंडळीचे सेक्रेटरी, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. खिळ्यांचं खोकंसुद्धा सही घेतल्याशिवाय हलू द्यायचं नाही ही त्यांची आठवडाभराची सवय, ती शुक्रवारी कुठे जाणार? प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून ते घड्याळाच्या काचेवर नख वाजवत. पाळकसाहेब आठवडाभर एका शिपिंग कंपनीत नोकरी करत आणि शुक्रवारी झगा चढवत. नखाचा आवाज आला की ते निमूटपणे शेवटच्या प्रार्थनेकडे वळत.

आम्ही रोला चौकाजवळ दोन खोल्यांत राहायचो. खिडकीतला एसी इतका घुरघुरायचा की घरात सगळ्यांना चढ्या आवाजात बोलायची सवय लागली होती. मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सासूबाईंना वाटलं, मुलगी भांडखोर आहे. पप्पा दुबईला नोकरीला होते. सकाळी अंधार असताना निघायचे आणि रस्त्यावरच्या त्या रोजच्या रांगेत अडकून, वैतागून घरी यायचे. मम्मी नर्स होती. घरी आली की युनिफॉर्म बदलायच्या आधी गॅसवर कुकर चढवायची. बाजरीचं पीठ नगरहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून यायचं, म्हणून भाकरी फक्त शुक्रवारी. एरवी खालच्या बेकरीतला गरम खुबूस, म्हणजे अरबी रोटी, आणि त्याच्याबरोबर वांग्याचं भरीत. शुक्रवारी उपासनेहून परतलं की मटणाचा रस्सा. काळा मसाला भाजायला लागली की मम्मी जिन्याकडचं दार उघडं टाकायची, आणि समोरच्या हमीदा खाला शिंकत शिंकत विचारायला यायच्या, "काय गो, आज कोणाला मारतेस?" त्या दापोलीकडच्या. त्यांच्या घरी माशाचं कालवण झालं की वाटी आमच्याकडे, आणि रस्सा झाला की वाटी तिकडे.

आणि शालू. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नाव शलोमी, पण ते फक्त पासपोर्टवर. आज तिच्या स्थितीला डाउन सिंड्रोम म्हणतात हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी एकच शब्द वापरला होता, मतिमंद. मम्मीने तो शब्द त्या दवाखान्यातच सोडला, घरात येऊ दिला नाही. शालूला सगळं करायला वेळ लागे. बूट घालायला वेळ, जेवायला वेळ, बोलायला तर फारच. लाड करायला मात्र अजिबात वेळ लागत नसे. पप्पा दारातून "शालू, पापी?" म्हणाले की हातातलं टाकून धावत जायची आणि त्यांच्या गालावर मोठ्ठा, ओला मुका द्यायची. दिवसभराचा ट्रॅफिक त्या एका पापीने उतरतो, असं पप्पा म्हणत.

चर्चमध्ये मात्र तिचा तोच संथपणा आम्हाला अडचणीचा व्हायचा. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणत, आणि सगळ्यांचं आमेन झाल्यावर शालूच्या दोन ओळी उरलेल्या असत. त्या ती मोठ्याने, सावकाश, पूर्ण करी. मुलं खिदळत, माणसं मागे वळून पाहत. कोणी वाईट बोललं असं नाही. उलट फार गोड बोलत. "तिला बाहेर जरा मोकळं वाटेल," असं एकदा कोणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून मम्मी तिला घेऊन बाहेर बसू लागली. हॉलच्या मागच्या भिंतीला, एसीच्या ठिबकणाऱ्या पाइपाशेजारी, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. सहा-सात वर्षं माझ्या आईने प्रवचनं भिंतीच्या त्या बाजूने ऐकली. प्रभुभोजनाच्या शुक्रवारीही ती आत येत नसे. शालूला एकटं टाकून कशी येणार? आत मी आणि पप्पा बसायचो, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. मी सोळा वर्षांची होते. माझ्या मैत्रिणी माझ्या बाकावर बसत आणि मागे वळून पाहण्यासारखं तिथे काही नसे. हे लिहिताना आजही कान गरम होतात, पण लिहायचं ठरवलं आहे तर अर्धं लिहून उपयोग नाही.

त्या वर्षी मला मंडळीत घेणार होते. आमच्यात बाप्तिस्मा लहानपणी होतो, पण मुलगा किंवा मुलगी कळती झाली की तिची शिकवणी होते, कमिटीसमोर पाच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, आणि मग सगळ्यांसमोर तिला मंडळीत घेतात. त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर तिच्या हातावर पडते. शिकवणीला आम्ही चौघं होतो. मम्मीने माझा पांढरा ड्रेस शिवायला घेतला, आणि तो पाहून शालू म्हणाली, "मी पण." मम्मी हातातली कात्री खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. "काय मी पण?" "मी पण ब्रेड." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून जेवताना, अंघोळ करताना, लिफ्टमध्ये, तिचं एकच चाललं, मी पण ब्रेड. मम्मीने पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, माझी हरकत नाही, कमिटीसमोर आणा. साळवे भाऊ म्हणाले, आणा, पण प्रश्न सगळ्यांना सारखेच राहतील.

तिची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून विचारायची आणि ती ओट्याला टेकून उत्तर द्यायची. "देव तुझ्यावर प्रेम करतो का?" "होय." "येशूच्या मागे जायचं आहे का?" "होय." होय म्हटलं की एक खजूर. चार प्रश्न आठवडाभरात झाले. गाडी अडली ती तिसऱ्यावर. मंडळीच्या घटनेत तो असा होता, तू पापी आहेस हे तुला मान्य आहे काय? मी "तू पापी" एवढं म्हणते न म्हणते तोच शालू पुढे येऊन माझ्या गालाला चिकटायची. चार वेळा विचारलं, चार वेळा गाल ओला. मम्मी हसून हसून ओट्यावर वाकली. मीही हसले, आणि मग कंटाळून तो प्रश्न गाळूनच टाकला. साळवे भाऊ तिला एवढं खोलात थोडंच विचारणार आहेत, असं मी मम्मीला सांगितलं. मम्मीने माझ्यावर विश्वास ठेवला.

परीक्षा हॉलच्या बाजूच्या छोट्या खोलीत होती. टेबलाच्या एका बाजूला पाळकसाहेब, साळवे भाऊ आणि कमिटीचे आणखी दोघे, दुसऱ्या बाजूला आम्ही. माझी उत्तरं पाच मिनिटांत झाली. मग शालू उभी राहिली. पहिल्याला होय, दुसऱ्याला होय. पप्पांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. साळवे भाऊंनी चष्मा सारखा केला, वहीवर बोट ठेवलं आणि स्पष्ट आवाजात विचारलं, "शलोमी, तू पापी—" पुढचे शब्द त्यांच्या तोंडातच राहिले, कारण शालू टेबलाला वळसा घालून त्यांच्यापर्यंत पोचली होती. दोन्ही हातांनी तिने त्यांचं डोकं धरलं आणि पप्पांना देते तशीच पापी दिली, मोठ्ठी, ओली. साळवे भाऊंनी खिशातून रुमाल काढला, गाल पुसला, रुमालाची पुन्हा नीट घडी केली. "तिला प्रश्नच समजत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "पुढच्या वर्षी बघू."

पप्पा म्हणाले, "ठीक आहे, भाऊ." पप्पा सगळ्यांनाच ठीक आहे म्हणत, बॉसला, घरमालकाला, ट्रॅफिक पोलिसाला. गाडीत बसल्यावर मम्मी बोलली. "खलास," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी मागच्या भिंतीला बसले, कारण आज ना उद्या पोरीला आत घेतील असं मला वाटत होतं. आता मी त्या कंपाउंडात पाय ठेवणार नाही. तुम्हाला दोघांना जायचं तर जा." मी म्हटलं, "मम्मी, डोन्ट बी ड्रमॅटिक." तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. शालू तेवढी खिडकीबाहेर बघत होती. "साळवे काका काटे," ती म्हणाली. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मम्मी गेली नाही, शालूही नाही. शालू मात्र सकाळी सात वाजता तयार होऊन, पर्स काखोटीला मारून, दाराशी चपला घालून बसली. कोणी उठेना तेव्हा तिने एकेकाला हाताला धरून ओढून पाहिलं. दुपारपर्यंत ती तशीच बसली होती. मी रश्श्याची वाटी द्यायला समोर गेले तेव्हा हमीदा खालांनी विचारलं, "पोर आज रडवेली का?" मी सगळं सांगितलं. खाला वाटी हातात धरून ऐकत राहिल्या. "आमच्यात अशा पोरीवर नमाज फर्ज नाय म्हणतात," त्या म्हणाल्या. "अल्ला तिला काय विचारणारच नाय. पण ती आपल्या पायानं गेली, तर तिला बाहेर बस म्हणेल असा कोण हाय? आणि तू गो? तुला घेतली ना आत?" मी म्हटलं, हो, पुढच्या शुक्रवारी. "बरं," खाला म्हणाल्या आणि वाटीतला रस्सा पातेल्यात ओतायला आत गेल्या. त्यांनी मला टोमणा मारला की नुसतं विचारलं, ते मला अजूनही समजलेलं नाही. पण तो प्रश्न गाळणारी मीच होते, आणि ते घरात अजून कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

माझा शुक्रवार उजाडला. मम्मीने माझ्या केसांत गजरा माळला, कपाळाचं चुंबन घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मसाला भाजायला घेतला. शालू पुन्हा दाराशी. फ्रॉकची बटणं एक घर चुकून लावलेली. मी खाली बसले आणि बटणं नीट लावू लागले. वर पाहिलं तर पप्पा वर्तमानपत्राच्या कडेवरून आमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पप्पा, मी तिला घेऊन जाते." मला वाटलं, आता ते स्वयंपाकघराकडे बघतील. त्यांनी पेपरची घडी केली, किल्ली घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "यल्ला, लवकर चला. परवानगी मागत बसलो तर राहून जाईल." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

उपासनेत शालू माझ्या शेजारी, पुढून दुसऱ्या बाकावर बसली. लोक बघत होते आणि मी त्यांच्याकडे परत बघत होते. प्रवचन झालं, पाळकसाहेबांनी चार नावं वाचली. तिघं पुढे गेले. मी उठले, शालूचा हात धरला आणि दोघी पुढे गेलो. एसीवर मात करायचा घरचा सराव होता, त्यामुळे मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "तिला प्रश्न समजला नाही, कारण मी तो शिकवलाच नाही. मला लाज वाटत होती. तिला घेणार नसाल तर मलाही घेऊ नका. आम्ही दोघी बाहेर बसू. खुर्च्या आहेतच तिथे."

पाळकसाहेबांनी साळवे भाऊंकडे पाहिलं. बाहेर मल्याळी मंडळी जमायला लागली होती, त्यांच्या मुलांचे आवाज येत होते. साळवे भाऊ उठले. मला वाटलं, आता घड्याळ दाखवणार. त्यांनी शर्टाच्या खिशातून मंडळीच्या घटनेची ती छोटी निळी पुस्तिका काढली. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. "मी गेले दोन आठवडे हे वाचतो आहे," ते म्हणाले. "कलम असं आहे. उमेदवारास प्रश्न समजावून सांगावेत व त्याचे उत्तर घ्यावे. आधी समजावून सांगावेत, मग उत्तर. आपण समजावला नव्हता. चूक कमिटीची झाली आहे, तशी नोंद मी करीन." मग ते शालूसमोर आले, सुरक्षित अंतर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "शलोमी, तुझं कधी चुकतं का?"

शालू विचार करू लागली. तिला विचार करायला लागतो तेवढा वेळ तिने घेतला. कोणीतरी खोकलं. हॉलच्या दारातून एका मल्याळी काकांनी आत डोकावून पाहिलं. साळवे भाऊ तसेच उभे होते, दोन्ही हात मागे बांधून.

"हो," शालू म्हणाली. "ताईच्या वहीवर रेघा मारल्या. मम्मीला चावले." मग तिने साळवे भाऊंकडे बोट केलं. "तुमचं?"

साळवे भाऊंच्या कानशिलापासून मानेपर्यंत रंग चढला. "माझंही चुकतं, बाळा."

"सॉरी म्हणा."

मागून एक हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. साळवे भाऊंनी पुस्तिका मिटली. "सॉरी," ते म्हणाले. शालूने मान हलवली, "बरं," आणि पाळकसाहेबांकडे वळली, पुढचा प्रश्न विचारा म्हणून.

आता मी अबू धाबीत राहते, खलिफा सिटीत, आणि शालू माझ्याबरोबर. तिचे केस माझ्याआधी पांढरे झाले. सुटी बदलली आणि आमचा रविवार एकदाचा रविवारी येऊ लागला. सरकारने अशा मुलांसाठी एक मोठं, मानाचं नाव काढलं आहे, चांगलं आहे. इथल्या मंडळीत अशा मुलांचा कोपरा मी बघते. हॉलमध्येच दाराजवळ मऊ गाद्या आहेत, कान झाकायचे हेडफोन आहेत, आणि भिंतीपलीकडे एकही खुर्ची मी ठेवू दिलेली नाही. मागच्याच महिन्यात दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधून एका तरुण आईचा फोन आला. पुण्याची, बिचारी फार शब्द जुळवत होती. मुलगा बोलत नाही, मध्येच उठून पळतो, सगळ्यांना डिस्टर्ब होईल, ॲक्च्युअली आम्ही ऑनलाइनच बघतो, वगैरे. मी म्हटलं, "पळू दे. आमच्याकडे पळणारे दोन आहेत, तिसरा चालेल. तुम्ही स्वतः शेवटचं प्रभुभोजन कधी घेतलं?" हा प्रश्न मी प्रत्येक आईला विचारते, कारण मूल बाहेर राहिलं की आई बाहेर राहते आणि तिची आठवण कोणालाच होत नाही. शारजाच्या मंडळीत त्या दिवशी सगळे शालूकडे बघत होते. माझ्या आईची जागा रिकामी आहे हे ना कमिटीच्या लक्षात आलं, ना माझ्या.

त्या शुक्रवारी, प्रश्न संपल्यावर, ब्रेडचे पांढरे चौकोनी तुकडे ताटलीत आले. माझ्या हातावर एक पडला, शालूच्या हातावर एक. मी माझा खाल्ला. शालूने मूठ मिटली. मी कानाशी लागून म्हटलं, "खा." तिने मान हलवली, नाही. इतके दिवस मी पण ब्रेड, मी पण ब्रेड करणारी ही मुलगी, आणि आता खाईना! पाळकसाहेब पुढे सरकले होते, रसाचे छोटे पेले आले, तिने डाव्या हाताने रस प्यायला, उजवी मूठ तशीच. उपासना संपल्यावर बायकांनी तिला जवळ घेतलं, अभिनंदन केलं, हात मिळवायला गेल्या तर तिने डावा हात पुढे केला. गाडीतही तेच. पप्पा म्हणाले, राहू दे, सवयीने खाईल. उन्हाने गाडी तापलेली होती आणि तिच्या बोटांच्या फटींतून घाम निघत होता.

घरी मम्मी ओट्याशी भाकरी थापत होती. आम्ही आत आलो तरी तिने वळून पाहिलं नाही. शालूला नेल्याचा राग पाठीवरून दिसत होता. पप्पांनी घसा खाकरला आणि गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. शालू चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि मम्मीच्या पदराला धरून तिला वळवलं. मग मूठ उघडली. तुकड्याचा लगदा झाला होता, तळव्याच्या रेघा त्यावर उमटल्या होत्या.

मम्मी बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, पप्पांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"तुला घेतलं का गं मंडळीत?" मम्मीने विचारलं.

"हो," शालू म्हणाली आणि हात तिच्या तोंडाशी नेला. "आता तू."

मम्मीचे दोन्ही हात पिठात होते. तिने तोंड उघडलं.